रेंज आहे, पण नेट नाही : प्रवासी ई-सिमची दुरुस्ती

प्रवासी ई-सिम म्हणजे थोड्या दिवसांच्या प्रवासापुरती विकत घेतलेली मोबाइल जोडणी. तिच्यासाठी प्लास्टिकचे कार्ड लागत नाही. फोनच्या आत कायमच्या बसवलेल्या एका बारीक चिपमध्ये ती इंटरनेटवरून उतरवून घेतली जाते. या उतरवलेल्या मजकुराला प्रोफाइल म्हणतात. त्यात ग्राहकाचा ओळख क्रमांक असतो, जाळ्याला ओळख पटवण्याची गुप्त किल्ली असते आणि परदेशात कोणत्या कंपनीचे जाळे आधी शोधायचे याची यादी असते. सामान्य ग्राहकांच्या उपकरणांसाठी या पद्धतीचे मानक जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये ठरवले. २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ मध्ये आणि २०१८ मध्ये आयफोन एक्सएसमध्ये ही सोय आली. भारतात जिओ आणि एअरटेल यांनी २०१८ पासून ई-सिम देणे सुरू केले. २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मधून तर सिमचा खणच काढून टाकण्यात आला.

या शेवटच्या बदलामुळे हा विषय चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही आला. पूर्वी अमेरिकेहून लग्नाला किंवा दिवाळीला चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरात आलेल्या मुलाला घरातले जास्तीचे सिम काढून देता येत असे. आता त्याच्या फोनमध्ये ते घालायला जागाच नसते. ताडोबाला येणारे परदेशी पर्यटक, मूलजवळच्या सोमनाथ प्रकल्पावर, गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये किंवा हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पावर येणारे पाहुणे, यांच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये हेच प्रवासी ई-सिम असते. नागपूरच्या विमानतळावर ते नीट चालते. मूलपर्यंत पोचता पोचता कुठेतरी थांबते आणि मग घरातला प्रत्येक जण फोन हातात घेऊन एकेक बटण दाबून पाहतो. त्या दाबादाबीतच बरेचदा बिनदोष ई-सिम पुसले जाते. दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ओळखले, तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत काम होते. ओळखता आले नाही, तर परत मिळवता न येणारी जोडणी हातची जाते.

डेटाची वाट

प्रवासी ई-सिम भारतीय कंपनीचे नसते. विक्रेता एका देशातला, प्रोफाइल दुसऱ्या देशातल्या मोबाइल कंपनीचे आणि टॉवर भारतातल्या कंपनीचा, अशी ही तिहेरी व्यवस्था आहे. भारतात असे सिम नेहमीच पाहुणे असते, म्हणजे ते कायम रोमिंगवर चालते. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

फोनवर एखादे पान उघडण्यापूर्वी चार गोष्टी एकापाठोपाठ घडाव्या लागतात. पहिली, फोनला टॉवरच्या लहरी मिळाल्या पाहिजेत. दुसरी, त्या टॉवरच्या कंपनीने फोनची नोंदणी करून घेतली पाहिजे. त्यासाठी ती कंपनी प्रोफाइल देणाऱ्या परदेशी कंपनीला विचारते की हा ग्राहक तुमचाच का, त्याला सेवा द्यायची का. तिसरी, डेटाचे सत्र उघडले पाहिजे. इथे एपीएन नावाचा पत्ता लागतो. फोनचा डेटा कोणत्या प्रवेशद्वारातून इंटरनेटवर न्यायचा हे तो सांगतो. चौथी, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधता आला पाहिजे. या कामाला डीएनएस म्हणतात.

पडद्यावरच्या उभ्या दांड्या यातली फक्त पहिली गोष्ट दाखवतात. चारही दांड्या भरलेल्या असूनही उरलेल्या तीनपैकी काहीतरी अडलेले असू शकते. म्हणून ‘रेंज फुल आहे, मग सिमच खराब’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. दांड्यांशेजारी ४जी, एलटीई किंवा ५जी ही अक्षरे उमटली का हे पाहणे जास्त उपयोगाचे. दांड्याच नसतील किंवा ‘सेवा नाही’ असे दिसत असेल, तर अडचण पहिल्या दोन टप्प्यांत आहे. दांड्या आहेत पण अक्षरे नाहीत, तर तिसऱ्या टप्प्यात. दोन्ही दिसतात तरी पान उघडत नाही, तर तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी किंवा चौथ्यात. ही तपासणी काही क्षणांची आहे आणि ती वगळून पुढचे काहीही करू नये.

सगळ्यात जास्त वेळा होणाऱ्या चुका

तिसऱ्या टप्प्यावरच्या अडचणींत एक कारण सर्वांत पुढे आहे : डेटा रोमिंग बंद असणे. परदेशात गेल्यावर भरमसाठ बिल येऊ नये म्हणून रोमिंग बंद ठेवायची सवय लोकांना वर्षानुवर्षांची आहे, आणि आपल्या नेहमीच्या सिमसाठी ती योग्यही आहे. प्रवासी ई-सिमला मात्र रोमिंगशिवाय दुसरी वाटच नाही. त्याचे पैसे आधीच भरलेले असल्याने बिल वाढण्याची भीतीही नसते. फोनमध्ये दोन सिम असतील तेव्हा रोमिंगचे बटण प्रत्येक सिमसाठी वेगळे असते. प्रवासी सिमचे चालू आणि घरच्या सिमचे बंद, अशी मांडणी हवी. घाईत नेमकी उलटी होते, नेट तर चालत नाहीच आणि घरच्या कंपनीचे बिल मात्र चढत राहते.

यालाच जोडलेली दुसरी चूक म्हणजे डेटासाठी कोणते सिम वापरायचे हे न निवडणे. ई-सिम उतरवले, चालूही झाले, पण फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटासमोर घरचेच सिम राहिलेले असते. आयफोनमध्ये एका सिमवर रेंज कमी झाली की डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याचीही एक सोय असते. परदेशी दौऱ्यात ती बंद ठेवावी. मूलच्या वाटेवरच्या केळझरच्या जंगलात प्रवासी सिमची रेंज गेली आणि फोनने गुपचूप अमेरिकेच्या सिमवरून डेटा घेतला, असे व्हायला नको.

तिसरे कारण एपीएनचे. अनेक प्रोफाइल हा पत्ता सोबत घेऊनच येतात, पण सगळी नाही. अँड्रॉइडच्या काही फोनमध्ये ती जागा रिकामी राहते किंवा आधीच्या कंपनीचा पत्ता तिथे चिकटून बसतो. विक्रेत्याने पाठवलेल्या मेलमध्ये एपीएन दिलेला असतो. तो अक्षर न अक्षर तसाच भरावा, पुढे-मागे मोकळी जागा सोडू नये, आणि नाव किंवा पासवर्ड दिलेला नसेल तर ते रकाने रिकामेच ठेवावेत. अँड्रॉइडमध्ये नवा एपीएन जतन केल्यावर तो यादीतून निवडावाही लागतो. नुसता लिहून ठेवून भागत नाही. त्याच पानावर एपीएन रोमिंग प्रोटोकॉल असा एक रकाना काही फोनमध्ये असतो. तिथे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही चालतील अशी निवड ठेवली की या जुळणीतून येणारे अडथळे बहुधा टळतात. आयफोनवर आधीच्या एखाद्या कंपनीचे किंवा नोकरीच्या ठिकाणचे व्यवस्थापन-प्रोफाइल बसवलेले असेल, तर ते एपीएन बदलूच देत नाही. अशा वेळी ते कोणी आणि कशासाठी बसवले हे विचारूनच पुढे जावे.

यानंतर मुदत आणि कोटा. काही योजनांचे दिवस प्रोफाइल उतरवल्या क्षणापासून मोजले जातात, काहींचे भारतातल्या टॉवरला पहिल्यांदा जोडल्यापासून. पहिल्या प्रकारची सात दिवसांची योजना निघण्याच्या चार दिवस आधी बसवून ठेवली, तर मूलला पोचेपर्यंत ती संपत आलेली असते. ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या अनेक योजनांत रोजचा ठरावीक डेटा संपल्यावर वेग इतका उतरतो की व्हॉट्सॲपवरचा साधा मजकूर जातो, पण फोटो अडकून पडतो. हा दोष नाही, योजनेची अट आहे. ती बारीक अक्षरांत लिहिलेली असते आणि खरेदीपूर्वी वाचायलाच हवी.

पडद्यावर अक्षरे आहेत आणि पान मात्र उघडत नाही, अशा वेळी ब्राउझरमध्ये १.१.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकून पाहावा. तो उघडला आणि नावाने टाकलेली संकेतस्थळे उघडली नाहीत, तर डेटा चालू आहे आणि अडचण नावे शोधण्याची आहे. व्हीपीएन, अँड्रॉइडमधला खासगी डीएनएस किंवा आयफोनमधला प्रायव्हेट रिले बंद केला की बहुधा ती सुटते. फक्त एखादेच ॲप अडत असेल, तर त्या ॲपला मोबाइल डेटा वापरायची परवानगी आहे का ते पाहावे. डेटा बचतीची सोय चालू असेल तर तीही बंद करून पाहावी.

पाहुण्याला नाकारणारे टॉवर

नोंदणीच्या टप्प्यावरच्या अडचणी समजायला जास्त अवघड असतात आणि जंगलपट्ट्यात त्याच जास्त भेटतात. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता चिचपल्ली, केळझर, मूल, सावली, व्याहाड असा जातो आणि वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत पोचतो. चंद्रपूर ते मूल सुमारे ४५ किलोमीटर. यातला मोठा भाग सागाच्या आणि बांबूच्या जंगलातून जातो. या वाटेवर फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर, कधी एका कंपनीच्या जाळ्यातून काही काळ बाहेर, असा सतत बदलत राहतो. यजमानाच्या फोनला हे जड जात नाही, कारण त्याची कंपनी एकच आहे आणि तिचा टॉवर दिसला की नोंदणी होते. पाहुण्या सिमचे तसे नाही. त्याच्या मूळ कंपनीचा करार भारतातल्या एकाच कंपनीशी असू शकतो, दोघांशी असू शकतो, आणि करार असला तरी तो ४जीपुरता असेल की ५जीचाही, हे वेगळेच.

करार नसलेल्या जाळ्यावर प्रवासी सिम नोंदणी करायला गेले की ते जाळे नकार देते. या नकारांचे क्रमांक ठरलेले आहेत. त्यातला ‘हे जाळे तुला बंद’ असा नकार मिळाला की फोन त्या कंपनीचे नाव निषिद्ध यादीत लिहून ठेवतो, आणि ही यादी सिमच्या प्रोफाइलमध्येच राहते. त्यानंतर फोन आपणहून त्या जाळ्याकडे वळत नाही. फोन बंद करून पुन्हा चालू केला तरी यादी तशीच राहते. तात्पुरत्या कारणाने, परदेशी कंपनीकडून उत्तर नीट न आल्याने, चालू शकणारे जाळेही कधी कधी या यादीत जाऊन पडते. मग मूल शहरात रेंज असूनही तासन्‌तास ‘सेवा नाही’ दिसत राहते.

यावर उपाय हाताने जाळे निवडण्याचा आहे. सेटिंगमध्ये जाळे आपोआप निवडण्याचे बटण बंद करावे आणि फोनला आसपासची सगळी जाळी शोधू द्यावीत. या शोधाला एक-दोन मिनिटे लागतात, मध्येच मागे येऊ नये. यादीत जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांपैकी जी नावे येतील, त्यांतले विक्रेत्याने सांगितलेले नाव आधी आणि नंतर बाकीची एकेक निवडून पाहावीत. हाताने निवडलेल्या जाळ्यावर नोंदणी झाली की ते निषिद्ध यादीतून निघते. काम झाल्यावर आपोआप निवडण्याचे बटण पुन्हा चालू करायला मात्र विसरू नये. नाहीतर दुसऱ्या दिवशी जिथे ते जाळे नाही तिथे फोन त्याच एका नावाला धरून बसतो.

दुसरा, त्याहून सोपा उपाय म्हणजे विमान मोड चालू करून अर्ध्या मिनिटाने बंद करणे. त्यामुळे फोन आधीचे सत्र सोडतो आणि नोंदणी पहिल्यापासून करतो. रोमिंगवरचा फोन एखाद्या कमी पसंतीच्या जाळ्यात शिरला, तर जास्त पसंतीचे जाळे आले का हे तो ठरावीक अंतरानेच पाहतो, आणि प्रोफाइलमध्ये वेगळे काही लिहिले नसेल तर हे अंतर एक तासाचे असते. जंगलातून गावात आल्यावरही नेट रेंगाळत राहण्यामागे हे एक कारण असते. विमान मोडने तो तास वाचतो.

५जीचीही एक खास अडचण आहे. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाले. जिओने ते ४जीवर न विसंबता स्वतंत्र गाभ्यावर उभारले, तर एअरटेलने सुरुवातीला ४जीच्या आधाराने. स्वतंत्र गाभ्याच्या ५जीवर परदेशी सिमचे रोमिंग अजून मोजक्याच करारांत आहे. म्हणून प्रवासी ई-सिम अडखळत असेल तर फोनची पसंती ५जीवरून ४जीवर आणावी. वेगाचे नुकसान नाममात्र आणि स्थिरता पुष्कळ, असा हा सौदा आहे. उलट ३जी किंवा २जीवर मात्र नेऊ नये. जिओच्या जाळ्यात ते दोन्ही प्रकार नाहीत आणि एअरटेलनेही आपले ३जी केव्हाच बंद केले आहे.

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याकडे जाणाऱ्यांना आणखी एक प्रकार भेटतो. भारताची दूरसंचाराच्या दृष्टीने २२ सेवाक्षेत्रे, म्हणजे बोलीतली ‘सर्कल’, पाडलेली आहेत. मूल आणि सिरोंचा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतात. प्राणहिता आणि गोदावरीच्या पलीकडे तेलंगणाचे टॉवर दुसऱ्या सर्कलचे आहेत आणि त्यांच्या लहरी नदी ओलांडून येतात. एकाच कंपनीचे जाळे असले तरी दोन सर्कलमध्ये त्याचा क्रमांक वेगळा असू शकतो. देशी ग्राहकाला याचा पत्ता लागत नाही. प्रवासी सिमला मात्र प्रत्येक बदलात नोंदणी नव्याने करावी लागते, आणि काठावरच्या गावात ती पुन्हा पुन्हा तुटते. तिथेही हाताने एक जाळे पक्के करणे हाच उपाय.

जंगल, पाऊस आणि लहरी

कधी कधी फोनमध्ये आणि सिममध्ये काहीच बिघडलेले नसते. लहरीच पोचत नाहीत. भारतात ४जी वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालते. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे खालचे पट्टे दूरवर जातात, झाडीतून आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात. २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झचे वरचे पट्टे डेटा जास्त वाहतात, पण लवकर क्षीण होतात. ५जीचा ३५०० मेगाहर्ट्झचा पट्टा तर आणखी लवकर. ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते, ३५०० मेगाहर्ट्झची नऊ सेंटिमीटरहूनही कमी. पानांचा आणि फांद्यांचा अडथळा आखूड लहरींना जास्त जाणवतो, आणि पावसाळ्यात ओली पाने त्यांना आणखी शोषतात. उन्हाळ्यात सागाची पाने झडलेली असताना ज्या ओट्यावर नेट चालत होते, तिथेच श्रावणात ते चालेनासे होते.

परदेशात घेतलेल्या स्वस्त फोनमध्ये भारतातले काही पट्टे नसतात. विशेषतः ४० क्रमांकाचा, म्हणजे २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा, अमेरिकेसाठी बनवलेल्या अनेक साध्या फोनमध्ये सापडत नाही. असा फोन त्या पट्ट्यावरच्या टॉवरखाली उभा राहूनही त्याला पाहू शकत नाही. त्याला कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही. खरेदीपूर्वी फोनच्या माहितीपत्रकात १, ३, ५, ८, ४० आणि ४१ हे पट्टे आहेत का हे पाहणे, एवढेच हातात असते.

लहरींचे खरे बळ दांड्यांवरून नव्हे तर डीबीएम या एककातल्या आकड्यावरून कळते. अँड्रॉइडमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती उघडली की बहुधा हा आकडा दिसतो. आकडा ऋण असतो. ४जीसाठी उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० म्हणजे कमजोर, आणि उणे १२० च्या खाली गेला की नेट चालण्याची आशा सोडावी. माडीवर किंवा खिडकीत गेल्यावर आकडा दहाने सुधारला, तर अडचण लहरींचीच होती हे पक्के होते आणि सेटिंगला हात लावायची गरज उरत नाही.

टॉवर स्वतःही बंद पडतो. वीज गेली की तो बॅटरीवर काही तास चालतो. रस्त्याच्या खोदकामात जमिनीखालची केबल तुटली तर टॉवर उभा असूनही त्याच्यापर्यंत इंटरनेट पोचत नाही. फोनवर दांड्या भरलेल्या दिसतात, पण पान उघडत नाही. गडचिरोलीच्या दक्षिणेत पावसाळ्याचे हाल वेगळेच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आलेला आहे. अशा दिवशी शेजारच्या माणसाच्या फोनवर नेट चालते का, हा एकच प्रश्न आधी विचारावा. त्याचेही चालत नसेल, तर पाहुण्याच्या ई-सिममध्ये दोष शोधण्यात अर्थ नाही.

त्याचे चालते आणि पाहुण्याचे चालत नाही, असेही होते. नक्षलप्रभावित आणि दुर्गम गावांसाठी सरकारी निधीतून टॉवर उभे राहिले. आधी ते २जीचे होते; एप्रिल २०२२ मध्ये अशा २,३४३ ठिकाणी ४जी देण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आणि त्याच वर्षी जुलैत देशातल्या सेवा न पोचलेल्या गावांसाठी आणखी मोठी योजना मंजूर झाली. १७ जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतल्या ४जी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या कोणाच्याही ग्राहकाला सेवा मिळण्याची सोय सुरू झाली. दुर्गम भागातल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. ही सोय देशी ग्राहकांसाठी असल्याने परदेशी प्रोफाइलला ती लागू होईलच असे नाही. यजमानाच्या फोनचा हॉटस्पॉट हा अशा गावात पाहुण्यासाठी सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

म्हणून ई-सिम घेतानाच विक्रेत्याला भारतातल्या कोणत्या कंपनीच्या टॉवरवर ते चालते हे विचारावे. ‘संपूर्ण भारतात चालते’ या उत्तराला मूलच्या पुढे किंमत नाही. कंपनीचे नाव कळले की पुढचे सोपे आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांप्रमाणे मोबाइल कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ते पाहावेत, आणि त्याहूनही चांगले म्हणजे ज्या गावी जायचे तिथल्या नातेवाइकाला घरात कोणत्या कंपनीचा टॉवर येतो हे विचारावे.

चालते, पण रांगते

नेट चालू असूनही व्हिडिओ कॉल तुटक होतो, याला बरेचदा अंतर कारणीभूत असते. प्रवासी ई-सिमचा डेटा मूलच्या टॉवरवरून थेट भारतीय इंटरनेटवर जात नाही. तो आधी प्रोफाइलच्या मूळ कंपनीच्या किंवा तिने नेमलेल्या मध्यस्थाच्या प्रवेशद्वारापर्यंत जातो. ते सिंगापूर, हाँगकाँग किंवा युरोपात कुठेही असू शकते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मूलपासून सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन येण्यातच किमान ३५ मिलिसेकंद जातात, आणि प्रत्यक्ष केबलचा मार्ग त्याहून लांब असतो. प्रवेशद्वार अमेरिकेत असेल तर हा वेळ १३० मिलिसेकंदांच्या वर जातो. एकाच घरात बसून नातवाने आजीला व्हॉट्सॲप कॉल केला, तरी त्याचा आवाज परदेशात जाऊन परत येतो. यावर फोनमध्ये उपाय नाही. कॉलसाठी घरातले वायफाय वापरावे.

याच कारणाने संकेतस्थळांना हा फोन परदेशात असल्याचे दिसते. भारतातली काही सरकारी आणि बँकांची संकेतस्थळे परदेशी पत्त्यावरून उघडत नाहीत. ताडोबाच्या सफारीची किंवा रेल्वेची तिकिटे आधीच काढून त्यांची प्रत फोनमध्ये जतन केलेली बरी. सफारीत मोबाइल नेण्यावर निर्बंध असल्याने तिकिटाची छापील प्रत सोबत असणे अधिक सोयीचे. नकाशाही घरून निघतानाच उतरवून घ्यावा. फोनचे ठिकाण उपग्रहांवरून कळते, त्याला डेटा लागत नाही. म्हणून उतरवलेला नकाशा रेंज नसलेल्या रस्त्यावरही वाट दाखवत राहतो.

बहुतेक प्रवासी ई-सिमला फोन नंबर नसतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. बँकेचा ओटीपी घरच्या सिमवरच येणार, म्हणून ते सिम बंद न करता फक्त त्याचा डेटा बंद ठेवावा. व्हॉट्सॲप नवा नंबर वापरायचा का असे विचारते तेव्हा जुनाच नंबर कायम ठेवावा.

पुसण्यापूर्वी

ई-सिम पुसून पुन्हा बसवणे हा लोकांना सुचणारा पहिला उपाय असतो, आणि तोच सर्वांत घातक. प्रोफाइल उतरवण्यासाठी बहुतेक विक्रेते देतात तो क्यूआर कोड एकदाच चालतो. पुसलेले प्रोफाइल त्याच कोडने परत उतरत नाही. नवे मागावे लागते, आणि ते उतरवायलाही इंटरनेट लागतेच. प्रोफाइल तात्पुरते बंद करून पुन्हा चालू करण्याचे बटण मात्र निर्धोक आहे, ते वापरावे. जाळ्याची सेटिंग मूळ स्थितीत आणण्याचा उपाय शेवटच्या फळीतला. त्याने वायफायचे सगळे पासवर्ड जातात, आणि अँड्रॉइडमध्ये त्याच पानावर ई-सिमही पुसायचे का अशी चौकट असू शकते. तिच्यावर खूण करू नये.

‘हे सिम चालत नाही’ असा संदेश लगेच आला, तर फोन एखाद्या परदेशी कंपनीला बांधलेला आहे का हे पाहावे. अमेरिकेत हप्त्यांवर घेतलेले फोन हप्ते फिटेपर्यंत असे बांधलेले असू शकतात. ही गाठ फक्त तीच कंपनी सोडते. त्यामुळे ही तपासणी विमानात बसण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवी. फोन ई-सिमचा आहे का हे *#०६# लावून कळते. उत्तरात ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर चिप आहे.

विक्रेत्याकडे तक्रार करताना प्रोफाइलचा ८९ ने सुरू होणारा आयसीसीआयडी क्रमांक, गावाचे नाव, त्या वेळी निवडलेले जाळे आणि पडद्याचे छायाचित्र पाठवावे. नुसते ‘नेट चालत नाही’ एवढे कळवले, तर मदतकेंद्र पुन्हा पहिल्यापासून फोन बंद-चालू करायला सांगते. परदेशी कंपनीचे सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची ना-हरकत लागते. ती नसल्याने जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या दोन विक्रेत्यांची ॲप व संकेतस्थळे भारतात बंद करण्याचा आदेश निघाला होता. अशा क्रमांकांचा सायबर फसवणुकीत होणारा वापर ही त्यामागची चिंता होती. त्यामुळे भारतात आल्यावर विक्रेत्याचे ॲप उघडेलच असे गृहीत धरू नये. प्रोफाइल घरूनच उतरवावे. खरेदीचा क्रमांक, एपीएन आणि मदतकेंद्राचा मेल-पत्ता यांची नोंद कागदावर ठेवावी.

मूलहून मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांनाही हीच मांडणी उलट्या बाजूने लागू पडते. भारतीय सिम ओटीपीसाठी चालू, त्याचा डेटा बंद, त्यावरचे आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घेतलेले, आणि डेटासाठी तिकडचे ई-सिम. मुलांनी ही जुळणी फोनवरून समजावत बसण्यापेक्षा गावी आले असतानाच स्वतः करून द्यावी.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल किंवा मूलच्या पुढे जंगलात जायचे असेल, तर प्रवासी ई-सिमवर विसंबू नये. चंद्रपुरात किंवा नागपुरात उतरल्यावर, पासपोर्ट-व्हिसाची किंवा भारतीय ओळखपत्राची कागदपत्रे देऊन, ज्या कंपनीचा टॉवर त्या गावात येतो तिचेच देशी सिम घ्यावे. खण नसलेल्या फोनसाठी त्याच कंपनीकडून ते ई-सिमच्या रूपात मागून घ्यावे.